ओलेग येफ्रेमोव: दोन आर्ट थिएटरांचा घोळ, आणि चित्रपट कोणते दाखवावेत?

तिसरी_घंटा:
रशियन नट-दिग्दर्शक येफ्रेमोव यांच्यावर नाट्यवाचन गटात तासभर बोलायचं आहे. स्वतः उभं केलेलं ‘सव्रेमेन्निक’ थिएटर सोडून ते १९७० मध्ये मॉस्को आर्ट थिएटरला का गेले? १९८७ नंतर तर आर्ट थिएटरं दोन दिसतात, त्यांचं कुठलं? चित्रपट दोनच दाखवता येतील.

विंगेतून:
सुरुवात १९४९ पासून करा, नाहीतर १९७० चा निर्णय उमगणार नाही. त्या साली आर्ट थिएटरच्याच नाट्यशाळेतून ते बाहेर पडले, पण थिएटरने त्यांना संचात घेतलं नाही. मग ते बालरंगभूमीवर गेले, सोबत त्याच नाट्यशाळेत शिकवू लागले. तिथल्या तरुण नटांना घेऊन, रात्री तालमी करून त्यांनी एप्रिल १९५६ मध्ये व्हिक्टर रोझोव यांचं युद्धकाळावरचं नाटक उभं केलं. तोच सव्रेमेन्निकचा पहिला प्रयोग. हे बंड आर्ट थिएटरचे एक संस्थापक स्तानिस्लावस्की यांच्याविरुद्ध नव्हतं. त्यांची शिकवण मूळ घरातच गोठली होती, ती पुन्हा जिवंत करायची होती. म्हणून त्या घरातल्या ज्येष्ठांनीच बोलावल्यावर ते गेले. सगळी मंडळी बरोबर न्यायचा त्यांचा बेत होता, पण संचाने नकार दिला. नट येवस्तिग्नेयेव यांच्यासारखे थोडेच मागोमाग गेले.

नेपथ्यवाला:
१९८७ च्या फाळणीचं मूळ संचाच्या आकारात आहे. शंभराहून जास्त नट, त्यातल्या कित्येकांना भूमिकाच नाहीत. कामेरगेर्स्की गल्लीतली जुनी वास्तू येफ्रेमोव यांच्याकडे राहिली, तिला चेखवचं नाव. त्वेर्स्कोय बुलेवारवरची नवी इमारत अभिनेत्री तात्याना दोरोनिना यांच्याकडे, तिला गोर्कीचं. टिपणात एक चूक हमखास होते: २००४ मध्ये चेखव थिएटरने नावातला ‘अकादमिक’ शब्द गाळला, त्यामुळे त्याचं रशियन लघुरूप आता ‘एमखाते’, आणि गोर्कीवाल्याचं, ‘अकादमिक’मधल्या ‘अ’सह, ‘एमखात’च. येफ्रेमोव २००० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल लिहिताना दोन्हीकडे ‘एमखात’च लिहा.

विंगेतून:
चित्रपटांत पहिला ‘प्ल्युश्चिखावरचे तीन पॉप्लर’ (१९६८). येफ्रेमोव टॅक्सीवाला, दोरोनिना खेड्यातून मांस विकायला मॉस्कोत आलेली बाई. टॅक्सीत ती गाणं म्हणते तेव्हा त्यांचा चेहरा बघा: काहीही ‘करत’ नाहीत, फक्त ऐकतात. सव्रेमेन्निकचा अभिनय म्हणजे काय, ते या एका प्रसंगात कळतं. शेवटी तो खाली गाडी लावून वाट बघतो, ती उतरत नाही. एकोणीस वर्षांनी हीच दोघं दोन आर्ट थिएटरांच्या प्रमुखपदी होती. तुमचा तास इथून उघडला तरी चालेल.

दुसरा ‘सावधान, मोटार!’ (१९६६). त्यात ते तपास अधिकारी, स्मोक्तुनोव्स्की मोटारचोर, आणि हौशी मंडळींच्या ‘हॅम्लेट’मध्ये दोघं एकत्र. पुढे १९७६ मध्ये याच स्मोक्तुनोव्स्कींना घेऊन त्यांनी आर्ट थिएटरमध्ये चेखवचं ‘इव्हानोव्ह’ बसवलं, तो दुवा सोडू नका.

नेपथ्यवाला:
शोधताना ‘ओलेग’ घालाच. मुलगा मिखाईलही नट, आणि विज्ञानकथाकार इव्हान येफ्रेमोव वेगळेच.