काढ्यातल्या ज्येष्ठमधाने खरंच व्हायरस मरतो का?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. सध्या घरोघरी व्हायरल चालूये, आमच्या सासऱ्यांनी रविवार पेठेतनं गुळवेल, ज्येष्ठमध, भुईआवळा असं सगळं आणून ठेवलंय आणि रोज सकाळी पातेलंभर काढा उकळतो, त्यात ज्येष्ठमधाची बोटाएवढी कांडी ठेचून. आता फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टाकलं की ज्येष्ठमधात अँटीव्हायरल कंपाउंड सापडलंय, झालं, दोन कांड्या! त्यांना बीपीची गोळी चालूये. हे कंपाउंडचं खरंय की नुसतं फॉरवर्ड?

टेस्टट्यूब
कंपाउंड खरंय. ग्लायसिरायझिन. २००३ ला सार्सच्या साथीच्या वेळी जर्मनीत फ्रँकफर्टला टेस्ट केलेलं, व्हायरसची वाढ थांबली, पण ती लॅबमध्ये प्लेटमधल्या पेशींवर आणि भरपूर डोस देऊन. काढा पिऊन रक्तात तेवढं पोचत नाही.
पण तुमच्याकडे खरी भानगड बीपीची आहे. याच ग्लायसिरायझिनमुळे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन निष्क्रिय करणारं एन्झाइम अडतं, मग मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. गोळीत पाणी काढणारं औषध असेल तर पोटॅशियम अजूनच खाली. रोज दोन कांड्या म्हणजे अवघड आहे.

पेठी_पुणेकर
सगळं वनस्पतीचं वाईट आणि गोळी तेवढी चांगली, असं नसतं हो. २००९ ला स्वाइन फ्लूत ज्या टॅमीफ्लूच्या मागे अख्खं पुणं लागलं होतं ती चक्रीफुलापासनंच बनवायचे, म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातलं बाद्यान.

टेस्टट्यूब
@पेठी_पुणेकर चक्रीफुलातनं शिकिमिक ॲसिड काढायचे बरोबर, पण ते नुसतं घेतलं तर फ्लूला काही होत नाही, त्याच्यावर बऱ्याच केमिकल स्टेप्स झाल्या की मग औषध तयार होतं. मसाला खाऊन फ्लू जात असता तर पुण्यात कोणाला झालाच नसता.
वनस्पतीचं वाईट असं मी म्हटलंच नाहीये. भुईआवळ्यावर तर १९८८ ला मद्रासच्या डॉक्टरांनी हेपेटायटिस बीच्या पेशंट्सवर ट्रायल केली, सोबत ब्लमबर्ग, ज्यांना त्याच व्हायरसच्या शोधाचं नोबेल मिळालंय. रिझल्ट एकदम भारी होते. नंतर दुसऱ्यांनी करून बघितलं तर तसे आले नाहीत, तिथेच गाडी अडली.

वैद्यांची_सून
आमच्याकडे सासरे प्रॅक्टिस करायचे, ज्येष्ठमध द्यायच्या आधी बीपी आणि पायावरची सूज बघायचे, आणि दिलं तरी थोडे दिवसच. दुकानातनं किलोवर आणून रोज उकळायची पद्धत आयुर्वेदातली नाहीच मुळात, ती कोविडनंतर आली. आणि गुळवेलही महिनोन् महिने नको, त्याने काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आल्यात.

सिंहगडरोडकर
बापरे. त्यांचे पाय संध्याकाळी सुजतात, आम्ही म्हणायचो वयाचं आहे. कांड्या आजच लपवते आणि उद्या डॉक्टरकडे नेते. पोटॅशियमची टेस्ट उपाशीपोटी असते का?

टेस्टट्यूब
उपाशी असायची गरज नाही. काढ्याचं मात्र डॉक्टरांना आधी सांगा, ते आपणहून विचारत नाहीत.