लकी अलीचा शो आणि सहाची हुतात्मा : तुमचेही अनुभव लिहा

लूमवाला
सकाळी भाच्याचा मेसेज. "मामा, पुण्यात लकी अलीचा शो आहे, तुझं तिकीट काढू का?" मी टॉवेलचे गठ्ठे मोजत होतो, आकडाच विसरलो, परत पहिल्यापासून मोजले.

लकी अलीच्या गाण्यांची 'सुनो' १९९६ ला आली पण आमच्या हातात कॅसेट पडली वर्षभरानी, नवी पेठेतून. शेडमध्ये टेप होता. चोवीस माग चालू असताना शब्द काय डोंबल ऐकू येणार, गिटार वाजली एवढं कळायचं. आमचे कामगार सगळे तेलुगू, त्यांना हिंदी गाण्याचं काय घेणंदेणं, पण ते पण म्हणायचे "आ पाट पेट्टु". ते गाणं लाव. कुठलं ते सांगायला लागायचं नाही.

मग तीन-चार वर्षांनी कळलं की पुण्यात एका कॉलेजात येलालाय. मित्राच्या मेव्हण्यानी दोन पास दिले. पासावर वेळच नव्हती. आमच्याकडे गॅदरिंग दुपारी असतं म्हणून आम्ही धरून चाललो की दुपारीच असणार. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनी गेलो, बघतो तर शो संध्याकाळी सातला. आणि परतीची हुतात्मा सहाला. दुसऱ्या दिवशी सकाळी माल पाठवायचा होता, अण्णांनी बजावून सांगितलेलं की रात्री घरी पाहिजे. अण्णांच्या पुढं कोण बोलणार.

चारच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीमागं उभे होतो आणि आतून आवाज आला. एकच ओळ. परत थांबलं. परत तीच ओळ, जरा हळू. मग कुणीतरी "हॅलो हॅलो चेक" केलं आणि संपलं. आम्ही रिक्षा पकडली. तो स्वतः होता की दुसरं कोण ते आजपर्यंत माहीत नाही. पास अजून आहे माझ्याकडे, न फाडलेला.

म्हणून धागा काढला. कुणी ऐकलंय का प्रत्यक्ष? आणि माझ्यासारखं कुणाचं अर्धवट राहिलंय का?

कडकभाकरी
दादा भिंतीवर चढायचं की बे!!

लूमवाला
काचा लावलेल्या होत्या.

पार्कचौक
सोलापूरकराच्या आयुष्यातले निम्मे कार्यक्रम त्या सहाच्या गाडीनी खाल्लेत. नाटकाला गेलो, दुसरा अंक सोडून पळालो. मॅचला गेलो, शेवटच्या ओव्हरा स्टेशनवर कुणाच्यातरी ट्रान्झिस्टरवर. आता वंदे भारत आहे, २०२३ पासून, ती पुण्यातून सातनंतर निघते, म्हणजे इतक्या वर्षात आपली एक तास प्रगती झाली 😂

जुळे_सोलापूर
सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे ना. रात्री दोनच्या आसपास पुण्यात येते, सकाळी चहाला सोलापूर. शो दहाला संपला तरी चार तास प्लॅटफॉर्मवर काढायचे फक्त. चादर घेऊन जायची. आपल्याकडं तिची कमी आहे का.

पार्कचौक
चार तास "फक्त" 🙏

शेंगाचटणी_ताई
मी ऐकलंय. प्रत्यक्ष. बेंगलोरला मुलीकडं होते तेव्हा, चार-पाच वर्ष झाली. कुकर लावलाय, शिट्ट्या मोजत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. जावयांनी नेलं, मला वाटलं काहीतरी दणदणाट असेल म्हणून कानात घालायला कापूस नेलेला पर्समध्ये. तो आला तो कधी आला तेच कळलं नाही, लोकं अजून जागा शोधत होती आणि हा आपला स्टुलावर बसून गिटार जुळवतोय, नमस्कार नाही, भाषण नाही, "कैसे हो बेंगलोर" वगैरे ओरडणं नाही, गाण्यागाण्याच्या मधे एखादं वाक्य ते पण तोंडातल्या तोंडात, माझ्या मागच्या मुलीनी विचारलं काय म्हणाले, कुणालाच माहीत नाही. ओ सनमला तर त्यानी जवळजवळ गायलंच नाही, लोकच गात होते आणि तो ऐकत होता. कापूस तसाच घरी आणला, निरांजनाला वापरला. तीन शिट्ट्या झाल्या, येते.

कडकभाकरी
कापसाच्या वाती 😭 ताई तुम्ही वेगळा धागा काढा.

आजोळ_पाच्छापेठ
हा म्हणजे मेहमूदचा मुलगा. माझी आई (वय ८१) आत्ता बाजूला बसून सांगतीय की मीनाकुमारीचा भाचा लागतो तो, सख्खा, आई म्हणजे मीनाकुमारीची धाकटी बहीण. ती म्हणते "त्या घरातला आवाज रडवाच असणार". लकी अलीचं एक गाणं तिला माहीत नाही पण घराणं पूर्ण पाठ आहे. आता तिनं मीनाकुमारीचे पिक्चर सांगायला सुरुवात केलीय, कुठल्या टॉकीजला कुणाबरोबर बघितले त्यासकट. माझा दिवस गेला.

लूमवाला
काकूंना नमस्कार सांगा. टॉकीजची यादी इथं टाका, विषय सोडून चालेल.

गड्ड्याचा_पाळणा
आमच्यासाठी लाईव्ह म्हणजे ऑर्केस्ट्रा. २००० साली तो हृतिकचा पिक्चर आल्यावर गणपतीत प्रत्येक मंडळापुढं एक पल का जीना झालंच पाहिजे. आमच्या गल्लीच्या ऑर्केस्ट्रात एक पोरगा होता, गायचा लकी अलीचा आवाज काढून आणि हातवारे करायचा हृतिकचे. अर्ध्या पब्लिकला वाटायचं हृतिकच गायलाय ते. मी पण बारावीपर्यंत तेच समजत होतो, आज कबूल करतो.

सूरमयी
कुणी सूर पिक्चर बघितलाय का, २००२ चा? त्यात तो संगीत शिकवणारा झालाय आणि आपली गौरी कर्णिक आहे. गाणी एम. एम. क्रीमची. माझ्या ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत फोटोग्राफरनी विदाईला आ भी जा टाकलेलं 🤦‍♀️ मुलगी सासरी चाललीय आणि मागं आ भी जा. भाऊजी अजून चिडवतात.

कडकभाकरी
फोटोग्राफर दूरदृष्टीचा होता.

रीलवाला_२१
मला सगळं उलट्या बाजूनी कळलं. २०२० ला कोविडमध्ये तो व्हिडिओ फिरला ना, नफीसा अलींनी टाकलेला, गोव्यातला, पांढरी दाढी डोक्याला बांधलेलं आणि समोर गिटार. मला वाटलं कुणीतरी बाबा आहे साधू टाईप, काय भारी गातोय. पप्पांना दाखवला. पप्पांनी फोन घेतला तो दिलाच नाही परत. मग उठून माळ्यावर कॅसेट शोधत बसले. आमच्याकडं टेपच नाही.

पिरॅमिड
ओ सनम मला व्हिडिओमुळं आवडायचं. इजिप्त, वाळू, पिरॅमिड. उन्हाळ्यात ४३ डिग्रीला सोलापुरात बसून वाळवंट बघत होतो, आपलेपणा वाटायचा. आणि एक, सगळे म्हणतात त्यानंच लिहिलंय, शब्द सय्यद अस्लम नूरचे आहेत. साउंड मायकी मॅक्लेरीचा, न्यूझीलंडचा माणूस, लकी अलीचा मेव्हणा त्यावेळचा.

लूमवाला
म्हणजे मला पण मेव्हण्यानीच पास दिला आणि त्याला पण मेव्हण्यानीच साउंड दिला.

साउंडबॉक्स
आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात कार्यक्रम असला की मी मदतीला असायचो, त्यावरून सांगतो. चेकला शक्यतो आधी आपला साउंडवाला किंवा वादक बोलतात, मोठा गायक नंतर येतो, कधी येतच नाही. चारला चेक म्हणजे बहुतेक...

लूमवाला
नको सांगू बे.

साउंडबॉक्स
बरं. पण तीच ओळ दुसऱ्यांदा हळू घेतली म्हणालात ना. साउंडवाला तसं करत नाही. तो आपला एक-दोन-तीन म्हणतो.

शेंगाचटणी_ताई
वरण उतू गेलं पण हे वाचायला आले. भाऊ, तोच होता.

जुळे_सोलापूर
मग जाताय का? जात असाल तर सिद्धेश्वरचं आत्ताच काढा, वीकेंडला वेटिंग लागतं. आम्ही तिघं आहोत, प्लॅटफॉर्मवर भेटू, भाकरी चटणी माझ्याकडं.

लूमवाला
भाच्याला हो म्हणून कळवलं. शो सातलाच आहे. अण्णा आता शहाऐंशीचे, त्यांना सांगितलं रात्री येणार नाही, तर म्हणाले "माल कोण पाठवणार?" शेड बंद करून नऊ वर्ष झाली, आता फक्त ट्रेडिंग करतो, पण त्यांना शेडच आठवते. म्हटलं मी पाठवून जातो. बरं म्हणाले.

पार्कचौक
जुना पास घेऊन जा. दाखवून बघा गेटवर.

लूमवाला
खिशात ठेवणारच आहे. थांबा, नळाला पाणी आलं, आज चौथा दिवस. नंतर बोलू.