हळदीच्या सौद्यांचे दर ब्राउझरपर्यंत तत्काळ का पोहोचत नाहीत?

हळदपेठ_सांगली: सांगलीच्या सौद्यांत एखाद्या लॉटचा पुकारा संपला की आमचे मुनीम त्याचा दर मोबाइलवरून नोंदवतात व शेतकरी तो आमच्या पानावर पाहतात. पूर्वी प्रत्येक ब्राउझर 5-5 सेकंदांनी सर्व्हरकडे विचारणा करीत असे; ती निरर्थक ये-जा टाळण्यासाठी मी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (उघड्या ठेवलेल्या जोडणीतून सर्व्हरने स्वतःहून माहिती पाठवण्याची पद्धत) वापरले. माझ्या संगणकावर दर क्षणात उमटतो, परंतु एन्जिनएक्सच्या (ब्राउझर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरच्या) मागे तोच प्रोग्राम ठेवला की बराच वेळ काहीच येत नाही, मग दहा-बारा दर एकदम आदळतात आणि सौदे थंडावले की जोडणीच तुटते. वेबसॉकेटकडे वळावे काय?

कृष्णाकाठ: वळू नये. वेबसॉकेट दुहेरी संवादासाठी आहे. आपले शेतकरी केवळ दर पाहतात, बोली लावत नाहीत. दोष एन्जिनएक्सच्या बफरिंगचा आहे: मागील सर्व्हरचे उत्तर ते आधी स्वतःजवळ साठवते आणि साठा भरला की पुढे सोडते. दर पाठवणाऱ्या मार्गापुरते प्रॉक्सी बफरिंग (मध्यस्थाकडील ही साठवण) बंद करावे, किंवा उत्तरासोबत ‘एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग: नो’ हे शीर्षक (हेडर) पाठवावे. जोडणी तुटण्याचे कारण निराळे आहे. मागून 60 सेकंद एकही अक्षर आले नाही तर एन्जिनएक्स त्याच्या मूळ मांडणीनुसार वाट पाहणे सोडते. म्हणून 20-25 सेकंदांनी अपूर्णविरामचिन्हाने सुरू होणारी एक ओळ पाठवत राहावे. ब्राउझर ती टिप्पणी समजून दुर्लक्षितो.

माणदेशी: प्रत्येक दराला क्रमांकही द्यावा. जोडणी तुटल्यास ब्राउझर स्वतःहून पुन्हा जोडतो आणि शेवटचा मिळालेला क्रमांक ‘लास्ट-इव्हेंट-आयडी’ या शीर्षकात कळवतो, मात्र मधले दर शोधून पाठवण्याचे काम सर्व्हरचे, म्हणजे आपलेच आहे. बाजारातल्या मोबाइल नेटवर्कचा लौकिक पाहता हे टाळू नये.

हळदपेठ_सांगली: आभारी आहे, बफरिंग बंद करताच दर लगेच येऊ लागले. तथापि दुकानातील संगणकावर एकाच पानाचे सात टॅब उघडले असता सातवा कोराच राहतो.

कृष्णाकाठ: आपली साइट अद्याप एचटीटीपी 1.1 वर (ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमांच्या जुन्या आवृत्तीवर) असावी. तेथे ब्राउझर एका डोमेनला साधारण 6 जोडण्याच देतो आणि प्रत्येक उघडा टॅब त्यातील एक अडवून बसतो. एचटीटीपी 2 सुरू करावे, म्हणजे सर्व प्रवाह एकाच जोडणीतून जातील. ब्राउझरसाठी त्याला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्र लागते.