मॅजिस्ट्रेटसमोर दिलेला कलम १८३ चा कबुलीजबाब खटल्याआधीच बाद करून घेता येतो का?

रामदासपेठ_ज्युनिअर: घरफोडीची केस, नागपूर जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्ट. आरोपीने ठाण्यात कबुली दिली, मग मॅजिस्ट्रेटसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली कबुलीजबाब झाला, पंचांसमक्ष सब्बलही काढून दिली. आता म्हणतो, पीसीआरमध्ये (पोलीस कोठडीत) मारलं. केसच्या कागदपत्रांच्या नकला मिळाल्या, चार्ज (आरोप निश्चित होणं) बाकी आहे. काय करावं?

सिव्हिल_लाइन्स: ठाण्यातली कबुली सोडा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मुळे ती पुराव्यात येतच नाही, मारहाण सिद्ध करायचीही गरज नाही. झगडायचं आहे ते १८३ च्या जबाबाशी. तेवढ्यापुरती वेगळी सुनावणी आपल्याकडे होत नाही. जबाब स्वेच्छेचा होता का, हे पुराव्याच्या वेळीच ठरतं. संहितेच्या कलम २६२ खाली डिस्चार्जचा (खटल्याआधीच आरोपमुक्तीचा) अर्ज नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत करता येतो, पण १८३ चा जबाब समोर असताना त्यावर फार विसंबू नका.

धंतोली_बार: आधी त्या जबाबाची प्रमाणित प्रत काढा आणि ओळ न ओळ वाचा. कबुली द्यायला तुम्ही बांधील नाही, दिलीत तर तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, हे दोन्ही सांगितलं का? विचाराला वेळ दिला का? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सरवन सिंग प्रकरणात साधारण २४ तास सांगितले आहेत. पीसीआरमधून थेट आणलं का? पोलीस चेंबरबाहेर होते का? खाली मॅजिस्ट्रेटचं प्रमाणपत्र आहे का? नुसती नोंदीतली उणीव असेल तर मॅजिस्ट्रेटची साक्ष घेऊन भरून काढतात, म्हणून सगळा जोर दबावावर द्या.

सिव्हिल_लाइन्स: आणि जबाब फिरवायचा (मागे घ्यायचा) असेल तर आजच फिरवा. वर्षभराने साक्षीच्या वेळी "मारलं होतं" म्हटलं की कोर्ट ते मागाहून सुचलेलं धरतं. तुरुंगात असेल तर अधीक्षकांमार्फत कोर्टाला अर्ज पाठवा. अटकेनंतरचा वैद्यकीय अहवाल, मेडिकल हॉस्पिटलचा असो की मेयो हॉस्पिटलचा, तुरुंगात दाखल होतानाच्या जखमांच्या नोंदीशी ताडून पाहा. नवी जखम दिसली तर ती कोठडीतलीच. ठाण्याचं सीसीटीव्ही लगेच राखून ठेवायला लावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार ते १८ महिने, निदान वर्षभर तरी जपायचं आहे. अर्जात तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा लिहा. रिमांडच्या (कोठडीत पाठवण्याच्या) आदेशात "पोलिसांविरुद्ध तक्रार नाही" असेल तर सरकारी वकील तेच दाखवणार. तेव्हा वकील सोबत होता का, शेजारी कोण उभं होतं, हे आत्ताच अर्जात मांडा.

रामदासपेठ_ज्युनिअर: आणि सब्बल?

धंतोली_बार: ठाण्यातली कबुली येत नसली, तरी तिच्यामुळे वस्तू सापडली तर तेवढा भाग कलम २३ च्याच अपवादाने येतो. "ज्या सब्बलीने कुलूप तोडलं ती नाल्याकाठी पुरली" यातलं पुरल्याचं तेवढंच येतं, कुलूप तोडल्याचं नाही; प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) कोट्टाया प्रकरणातला निकाल, १९४७. मग बघा, जागा उघडी होती का, पोलिसांना आधीच माहीत होती का, आणि तेच पंच त्या ठाण्याच्या इतर केसमध्येही आहेत का.