ऐंशीच्या पुढे बीपी १३०च्या खाली आणायचा हट्ट कशाला?

आजोळ: आमची आई ८२ वर्षांची, डायबेटिस पण आहे. दवाखान्यात वरचं बीपी १४८ आलं म्हणून गोळीचा डोस वाढवला. चौथ्या दिवशी पहाटे बाथरूमला उठली आणि दाराची कडी धरता धरता खालीच बसली, नशीब हाड मोडलं नाही. बसवून मोजलं तर १२६, उभं करून दोन मिनिटांनी ९८! माझं मत, या वयात १५०पर्यंत चालू द्यावं. २००८च्या हायव्हेट अभ्यासात ऐंशीच्या वरच्यांना १५०/८०चंच टार्गेट होतं, तेवढ्यानंही मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले.

नदीकाठ: अजिबात पटलं नाही. "वय झालंय, १६० चालायचंच" असं आम्हीही म्हणत राहिलो आणि बाबांना ७७व्या वर्षी स्ट्रोक आला. उजवा हात गेला, आता शर्टाची बटणं आई लावते. २०१५च्या स्प्रिंट अभ्यासात पंचाहत्तरीच्या वरचे अडीच हजारांहून जास्त लोक होते, १२०च्या खाली ठेवलेल्यांत हार्ट फेल्युअर आणि मृत्यू दोन्ही कमी. पडण्याच्या भीतीनं बीपी मोकळं सोडायचं का?

आजोळ: मोकळं कोण सोडतंय? पण स्प्रिंटमध्ये डायबेटिसवाले घेतलेच नव्हते, आणि उभं राहून ११०च्या खाली जाणारेही नव्हते, म्हणजे माझ्या आईला दारातूनच परत पाठवलं असतं. मग तो आकडा तिला कसा लावायचा?

धाकटी_सून: दोघांनाही विचारते, मोजलं कसं होतं? आमच्या सासूबाई दवाखान्याचा जिना चढून धापा टाकतच खुर्चीत बसायच्या, लगेच पट्टा, वर गप्पा चालूच. घरी पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून मोजायला लागलो तर १८ने कमी. आणि गुडघ्यांसाठी त्या रोज डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी घेत होत्या ते कोणी विचारलंच नव्हतं, त्यानंही बीपी चढतं. जेवणात पापड, लोणचं दोन्ही वेळा. आधी हे बघा, मग डोसवर भांडा.

नदीकाठ: मोजायचं मान्य. आईंचं उभं राहून ९८ येतंय तर डोसचं डॉक्टरांशी बोलाच, मनानं गोळी बंद करू नका एवढंच. पण धडधाकट, रोज बाजारात चालत जाणाऱ्या ७५च्या माणसाला १५० चालेल म्हणालात तर मी परत भांडेन, बाबांचा हात रोज डोळ्यांसमोर असतो.

आजोळ: त्यांच्यासाठी नाही म्हणत मी. आईची वही घेऊन सोमवारी जातेय, बसून आणि उभं राहून दोन्ही आकडे लिहिलेत.