मदत हवी आहे : जुन्या फोटोतील काळ्या लुगड्यातील बाई माझी पणजी आहे का?

पेटीतला_फोटो : आमच्या घरच्या जुन्या फोटोत दोन प्रौढ स्त्रिया आणि दहाएक वर्षांची एक मुलगी आहे. खुर्चीवर बसलेल्या बाईंचे लुगडे काळे असून पदर कपाळापर्यंत ओढलेला आहे. मागे उभ्या असलेल्या बाईंच्या नाकात नथ आहे. काळ्या लुगड्याला चंद्रकळा म्हणतात आणि ती सवाष्ण बायका नेसत, म्हणून बसलेली बाई पणजी असावी असे मी धरले आहे. रविवारी वंशावळ छापायला द्यायची आहे, तेव्हा कृपया लवकर सांगा.

काचेची_प्लेट : लुगडे काळेच होते हे कशावरून? त्या काळच्या काचेच्या प्लेटांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे विधवा नेसत ते तांबडे आलवण फोटोत काळे उमटते, कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते आणि फिकट निळे लुगडे मात्र पांढरे वाटते. बाईंच्या अंगात चोळी आहे का?

रेशीमगाठ : जुनी लुगडी असतील तर मलमलीत गुंडाळून ठेवावीत आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी, नाहीतर जरीचा धागा घडीवर तुटतो.

पेटीतला_फोटो : लुगडी नाहीत, फक्त फोटो आहे.

माजघर : घराणे कोणत्या समाजाचे, हे आपण सांगितलेच नाही. ब्राह्मण घरांत विधवेचे केशवपन करून तिला चोळीविना आलवण नेसायला लावत. अनेक ब्राह्मणेतर समाजांत केशवपन नव्हते आणि काहींत पाटही (विधवेचे दुसरे लग्न) लागत असे, त्यामुळे तेथे केवळ लुगड्यावरून काही ठरत नाही. मुलगी लुगड्यात असेल तर तिचे लग्न झालेले आहे, म्हणजे फोटो बालविवाह रोखणाऱ्या शारदा कायद्याच्या आधीचा.

काचेची_प्लेट : हा तर्क घाईचा आहे. लहान मुलींना चिरडी, म्हणजे छोटे लुगडे, नेसवत, लग्नाआधीसुद्धा. शिवाय तो कायदा 1930च्या एप्रिलपासून लागू झाला आणि त्यात मुलीचे किमान वय 14 ठरले असले, तरी तो सर्रास मोडला जात होता. मुलीच्या गळ्यात लग्नाची खूण म्हणून काळी पोत आहे का ते पाहावे.

माजघर : चिरडी मलाही ठाऊक आहे, माझा भर गळ्यावरच होता.

काचेची_प्लेट : तसे आपण लिहिलेले नाही.

पेटीतला_फोटो : घराणे देशस्थ ब्राह्मण आहे. भिंगातून पाहिले, बसलेल्या बाईंच्या अंगात चोळी नाही आणि मनगटावर एकही बांगडी नाही. पणजोबांची विधवा बहीण त्यांच्याकडेच राहत असे, पण प्रश्न पणजीचा असल्यामुळे ते लिहिले नाही.

माजघर : तेच तर आम्ही विचारत होतो! बसलेली बाई तीच बहीण असावी, आणि ती पणजोबांहून मोठी असणार. घरच्या सुनेला उभे ठेवून धाकट्या नणंदेला खुर्ची कोण देईल?

काचेची_प्लेट : उभ्या बाईंच्या कपाळावर काळा ठिपका, म्हणजे कुंकू, आहे का (असल्यास त्या सवाष्ण, म्हणून पणजी असू शकतात), तेवढे रविवारच्या आत पाहून घ्या.