मदत हवी आहे : एकच पडदा, दोन इयत्ता आणि विज्ञानाचा तास

सर्वांना नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सातवी आणि आठवीला विज्ञान शिकवतो. शिक्षक कमी असल्यामुळे या दोन्ही इयत्ता बऱ्याचदा एकाच खोलीत बसवाव्या लागतात. लोकवर्गणीतून शाळेला स्मार्ट टीव्ही मिळाला आहे आणि एक जुना लॅपटॉप आहे. इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि दुपारी वीज असेलच याची खात्री नसते. एवढ्या साधनांवर मुलांना विचार करायला लावणारा तास कसा उभा करावा, याबद्दल अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन हवे आहे.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक ॲपवरील व्हिडिओ दाखवणे आता सोपे झाले आहे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी या कोडचा वापर आपल्या शाळेत करून दाखवला, पुढे तो राज्याच्या पुस्तकांत आला, आणि ही सोय आमच्यासारख्या शाळांसाठी मोलाची आहे. अडचण व्हिडिओ संपल्यावर सुरू होते. तो चालू असताना वर्ग शांत असतो, म्हणून तास चांगला झाला असे वाटते. पण लगेच वहीत दोन ओळी लिहायला सांगितल्या, तर निवेदकाचीच वाक्ये उतरतात आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला की मुले गप्प होतात.

याउलट आठवीच्या ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या पाठाला वेगळा अनुभव आला. एका विद्युतघटाला दोन सारखे दिवे एकसर जोडणीत (एकापाठोपाठ एक) लावले, तर कोणता अधिक उजळेल, याचे उत्तर मी आधी पाटीवर लिहून घेतले. बहुतेकांनी धनाग्राजवळचा दिवा लिहिला, कारण ‘पहिला दिवा थोडी वीज खाऊन टाकतो.’ मग कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील परिपथाचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, पडद्यावर उघडले. दोन्ही दिवे सारखेच उजळले, ॲमीटर कुठेही लावला तरी विद्युतधारा तेवढीच दिसली, आणि एका मुलीने लगेच विचारले, ‘सर, तिसरा लावला तर?’ त्याचेही उत्तर आधी पाटीवर, मग पडद्यावर. (फेटची ही सिम्युलेशन एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात आणि त्यांतील बरीच मराठीत आहेत, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो.)

त्यानंतर टॉर्चचे खरे दिवे जोडले, तेव्हा एक दिवा थोडा मंद दिसला आणि ‘टीव्हीवरचे खोटे आहे’ असा सूर उमटला. दिव्यांच्या जागा बदलल्या, तरी तोच दिवा मंद राहिला. तेव्हा फरक जागेचा नसून त्या दिव्याचा आहे, हे मुलांनीच सांगितले. माझ्या मते त्या तासातील सर्वात मोलाचे शिक्षण हेच होते. म्हणून पहिला प्रश्न असा की आपण खरा प्रयोग आधी घेता की सिम्युलेशन आधी, आणि का?

दुसरी अडचण पाट्यांची आहे. शेजाऱ्याची पाटी पाहून मुले आपले उत्तर पुसतात, त्यामुळे कोणाचा खरा समज काय आहे, हे मला कळत नाही. ‘प्लिकर्स’ या ॲपची छापील कार्डे (कार्ड कोणत्या बाजूने धरले यावरून उत्तर कळते) मुलांनी हातात धरायची आणि शिक्षकाने आपल्या एकाच फोनने स्कॅन करायची, ही पद्धत सोयीची वाटते. अंधाऱ्या खोलीत मागच्या ओळीतील कार्डे फोन नीट टिपतो का, हे कोणी वापरले असल्यास कृपया सांगावे.

तिसरी अडचण मला सर्वात जास्त सतावते. आठवीचे सिम्युलेशन चालू असताना सातवीला ‘स्थितिक विद्युत’ या पाठातील फुगा आणि लोकरीचा प्रयोग दिलेला असतो. तो हातानेच करावा, त्याला पडदा नको, असे माझे मत आहे. परंतु त्या मुलांचे डोळे टीव्हीकडेच लागलेले असतात, आणि टीव्हीची पाठ त्यांच्याकडे करण्याइतकी खोली मोठी नाही. जुन्या लॅपटॉपवर ‘कोलिब्री’सारखी, इंटरनेटशिवाय शैक्षणिक साहित्य दाखवणारी ऑफलाइन व्यवस्था बसवून उरलेल्या इयत्तेला एखाद्या फोनवर वेगळे काम देणे कोणाला जमले आहे का? जमले असल्यास मराठी साहित्य त्यात कसे भरले, आणि फोन नसलेल्या मुलांचे गट कसे पाडले, हे तपशीलवार लिहिल्यास फार उपकार होतील.